सुमनचा फणस

माझ्या कामाबद्दल मी भरभरून बोलतो. माती, लाकूड, तांबं—विचाराल ते सांगतो. एका शिल्पाबद्दल मात्र आजवर खोटंच बोलत आलो. खरं काय ते बायकोलाही सांगितलेलं नाही. आता सांगायला बसलोय, तर सुरुवात सापडत नाही.

माझी धाकटी बहीण सुमन राधानगरीकडच्या एका खेड्यात दिली आहे. पहिल्या माहेरपणाहून परत जाताना तिनं आमच्या परसातल्या फणसाची आठळी नेली आणि सासरी लावली. तिचं मोठं झाड झालं. पुढं आमचं घर विकलं, परसातला फणसही त्याबरोबर गेला. माहेरचं म्हणून तिच्याकडं तेवढंच उरलं. हे मला माहीत नव्हतं का? होतं.

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं वर्कशॉप आहे. पानं, शेंगा, बिया—मी हेच घडवतो. तेव्हा एक मोठं काम डोक्यात होतं. फणसाचं अखंड खोड, त्याला तांब्याची पानं, भट्टीत भाजलेली मातीची फळं. तसं खोड वखारीत मिळेना. खरं तर—मी फार शोधलंच नाही. सुमनचं झाड डोळ्यांपुढून हलत नव्हतं. मागितलं असतं तर ती नाही म्हणाली असती. म्हणून मागितलं नाही.

तिच्याकडं गेलो. खोडावर हातोडीनं ठोकलं, कान लावला. आवाज भरीव होता, झाड ठणठणीत होतं. मला कळलं. आणि तरी मी म्हणालो, "सुमे, आतनं कुजलंय. एखाद्या वाऱ्यात घरावर येईल."

ती झाडाभोवती एक फेरी मारून आली. मग म्हणाली, "तुला लाकडातलं कळतंय. तू म्हणतोस तर पाडूया."

झाड पडलं. कापलेलं खोड पिवळंधमक, ओलं. कीड कुठंच नाही. सुमननं त्यावर हात फिरवला. "दादा, निब्बर हाय की. कुजलंय म्हणालतास न्हवं?"

"मुळाकडं असंल," मी म्हणालो. टेम्पो दारात उभा होता—तो मी आदल्या दिवशीच सांगून ठेवला होता. तिनं टेम्पोकडं पाहिलं. आणि ती घरात गेली.

शिल्प गाजलं. कोल्हापुरातल्या प्रदर्शनाला सुमन आणि दाजी आले. मी लोकांना सांगत होतो, जितं झाड मी कधी तोडत नाही, हे माझ्या बहिणीच्या दारात वादळात पडलेल्या फणसाचं लाकूड. मागं वळलो तर ती तिथंच उभी. कुणीतरी बाई तिला विचारत होत्या, "तुमच्याच दारातलं झाड ना हे? वादळात पडलेलं?"

सुमननं माझ्याकडं बघितलं. दाजी तिच्याकडं बघत होते.

"व्हय," ती म्हणाली. "वादळात पडलं."

माझं खोटं ती स्वतःच्या तोंडानं बोलली—मला लोकांत उघडं पडू दिलं नाही. तेव्हा तरी मी काही बोललो का? शेजारच्या शिल्पाकडं लोकांना घेऊन गेलो.

भाऊबीजेला ती येते, ओवाळते. पण पूर्वी म्हैस घ्यायची असली तरी आधी मला विचारायची. गेल्या वर्षी तिच्या मुलीचं लग्न ठरलं. मी मामा—मला ते पत्रिका आल्यावर कळलं.