कोचचा तळहात

एमिल व्होंड्रा धान्याच्या कोठारावर मक्याची ओल तपासतो. त्याचा डावा कोपर पुरता सरळ होत नाही, त्यामुळे ट्रकवाल्यांना तो उजव्या हाताने इशारा करतो. नेब्रास्काच्या या भागात नवीन आलेल्याला कुणी ना कुणी सांगतंच, "हा कॉलेजच्या बेसबॉल संघाचा सगळ्यात भारी पिचर होता, बरं का."

होताच. तिसऱ्या वर्षी त्याने बारा सामने जिंकून दिले, एकच हरला. तो चेंडू टाकायचा त्या दिवशी जाळीमागे व्यावसायिक संघांसाठी पोरं हेरणारी माणसं वेग मोजायची यंत्रं घेऊन बसत.

कोच रॉस टिबेट्सची एक पद्धत होती. पिचर दमलाय असं वाटलं की ते सावकाश चालत मैदानात यायचे आणि काही न बोलता तळहात पुढे करायचे. त्यावर चेंडू ठेवायचा आणि निघायचं. इतर पोरं कुरकुरत, "अजून एक फलंदाज, कोच!" म्हणत. एमिलने मात्र कधी हुज्जत घातली नाही. नऊ वर्षांचा असताना त्याची आई गेली होती, बाप अबोल. टिबेट्सनी 'डावऱ्या' अशी हाक मारली की त्याला बरं वाटायचं.

त्या जूनमध्ये व्यावसायिक संघांची खेळाडू-निवड तीन दिवस चालली; दर फेरीत प्रत्येक संघ एकेक पोरगा निवडायचा आणि त्याला फोन करायचा. एमिल स्वयंपाकघरात फोनपाशी बसून होता. बापाने शेजाऱ्यांना बजावलं होतं, "गाय व्याली तरी फोन करू नका." फोन वाजलाच नाही. चौथ्या दिवशी टिबेट्स नव्वद मैल गाडी हाकत आले, येताना चेरीचा केक घेऊन.

"त्यांचे डोळे फुटलेत, डावऱ्या," ते म्हणाले. "शेवटचं वर्ष माझ्याकडे काढ. आपण ओमाहाला होणारी कॉलेजांची अंतिम फेरी गाठू. मग बघ, दारात रांग लागेल."

एमिल त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला.

पुढच्या वर्षी पात्रता फेरीत नऊ इनिंगांचा सामना अकराव्या इनिंगपर्यंत लांबला. एमिलने दोनच दिवसांपूर्वी पूर्ण सामनाभर एकट्याने चेंडू टाकले होते. कोपरात कळा येत होत्या. त्याने दोनदा बाकाकडे पाहिलं. टिबेट्स बसून होते. तळहात काही आला नाही. पुढच्या चेंडूला कोपरात काहीतरी तुटलं. संघ ओमाहाला गेला, एमिल हात गळ्यात बांधून बाकावर बसला. तरी तो म्हणायचा, "कोचचा काय दोष? मी आपणहून थोडाच थांबलो असतो?"

याला एकतीस वर्षं झाली. यंदा एप्रिलमध्ये कॉलेजने मैदानाला टिबेट्सचं नाव द्यायचं ठरवलं. पहिला चेंडू टाकायचा मान एमिलला. समारंभाच्या दिवशी सकाळी कॉफीच्या दुकानात एक काठीवाला म्हातारा समोर येऊन बसला. ऑर्व्हिल पीक. जाळीमागे बसणाऱ्यांपैकी एक.

"एक विचारू का? राग मानू नकोस," ऑर्व्हिल जॅम भरलेल्या कोलाची पावाचा तुकडा मोडत म्हणाला. "तू आम्हाला नकार का दिलास?"

"मला विचारलं कुणी?"

"अरे, दुसऱ्याच फेरीत तुला घ्यायचं पक्कं होतं. मी तुझ्या कोचला फोन केला. म्हणाला, पोराने आईला शब्द दिलाय, पदवी घेतल्याशिवाय हलणार नाही, उगाच तुमची निवड वाया घालवू नका. दोघा-तिघांना त्याने हेच सांगितलं."

एमिलने कप खाली ठेवला. "कोणाच्या आईला?"

दुपारी खेळाडूंच्या खोलीमागे त्याने टिबेट्सना गाठलं. ऐंशीचे झाले होते, अंगात नवा कोट.

"कोच, दुसऱ्या फेरीत घेत होते मला?"

टिबेट्सनी टोपी सारखी केली. "ऑर्व्हिल भेटला वाटतं. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही." मग म्हणाले, "कुठल्यातरी खालच्या संघाच्या फुटक्या बसमधून गावोगाव फिरला असतास, डावऱ्या. इथे तुझा फोटो भिंतीवर आहे."

"आईचं नाव का घेतलंत?"

"आईचं नाव काढलं की पुढे कुणी वाद घालत नाही." एवढं बोलून ते पुढे झाले. बाहेर बँड सुरू झाला होता.

एमिल चेंडू टाकायच्या उंचवट्यावर जाऊन उभा राहिला. समोर चेंडू झेलायला बसलेल्या पोराने हातमोजा उघडला. तेवढ्यात टिबेट्स बाकावरून उठले आणि जुन्या ढंगात सावकाश चालत आले. लोक हसले, टाळ्या पडल्या. सगळ्यांना पद्धत ठाऊक होती. त्यांनी तळहात पुढे केला.

एमिलने त्या हाताकडे पाहिलं. बोटं अकराव्या इनिंगला हवी होती तशीच पसरलेली होती.

"नाही, कोच."

"अरे, गंमत आहे. लोक बघताहेत. दे."

"बाजूला व्हा. लागेल."

टिबेट्स एक पाऊल सरकले, पण हात तसाच राहिला. एमिलने वाकडा कोपर मागे नेला आणि चेंडू फेकला. तो अर्ध्या वाटेवर मातीत पडला आणि दोन टप्पे खाऊन गवतात थांबला. लोकांनी तरीही उभं राहून टाळ्या वाजवल्या. एमिल टिबेट्सच्या पसरलेल्या हाताशेजारून चालत बाहेर पडला आणि फाटकापाशी लावलेल्या आपल्या गाडीत जाऊन बसला.