बारशाला येणारे अण्णा

आमची मराठी शाळा ज्या एका माणसाच्या जिवावर चालली होती, त्याला मी शाळेच्या समितीतून काढून टाकलं, आणि तेही त्याच्याच हस्ताक्षरात. असा पराक्रम करायला फारशी अक्कल लागत नाही. मॅट्रिकला संस्कृतात पहिला नंबर आणि अंगात न मावणारा उत्साह असला की पुरतं. माझ्याकडे दोन्ही होतं. आज नातवंडं मला शहाणी समजतात, कारण त्या वेळी ती जन्मली नव्हती.

हे गृहस्थ म्हणजे माझ्या घरमालकिणीचे थोरले भाऊ. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी कधीतरी इकडे आलं आणि बेंगळूरचंच झालं. त्यांना सगळं चामराजपेठ अण्णा म्हणायचं, आणि ते सगळ्या बायकांना अक्का म्हणायचे. छप्पन साली आमच्या यांना सरकारी कारखान्यात नोकरी लागली म्हणून मी पुण्याहून इथे आले तेव्हा चोवीस वर्षांची होते. पन्नाशीचा माणूस आपल्याला अक्का म्हणतो याचा मला इतका राग आला की पहिले सहा महिने मी त्यांना ओ दिली नाही. त्यांनीही हाक मारायचं सोडलं नाही.

अण्णा एका कचेरीत हेडक्लार्क होते, पण ते पोटापुरतं. खरा व्यवसाय म्हणजे शाळासमिती. शाळा लहानशी, भाड्याच्या घरात भरणारी, पहिली ते चौथी. समितीवर पाच पालक आणि मोठ्या बाई. बाकीचे पालक मूल चौथी पास झालं की सुटायचे. अण्णांना मुलं सात, तीही अशा बेताने झालेली की एक चौथीतून बाहेर पडलं की दुसरं पहिलीत हजर. त्यामुळे सलग कितीतरी वर्षं ते समितीवर होते आणि सभेचं इतिवृत्त तेच लिहायचे. अक्षर असं की सरस्वतीनेही पाटी लपवावी.

सभेला आम्ही खुर्च्यांवर बसायचो. अण्णा मात्र बंद गळ्याचा कोट सावरून पहिलीच्या बुटक्या बाकावर बसत. गुडघे कानाशी यायचे. मोठ्या बाई दर वेळी खुर्ची पुढे करत आणि दर वेळी ते म्हणत, इथून फळा कसा दिसतो ते कुणी बघायचं? मला हा नाटकीपणा वाटे. पण एकदा तिथेच बसल्याबसल्या त्यांच्या लक्षात आलं की दुपारी तीननंतर फळ्यावर उन्हाची तिरीप येते आणि तिसऱ्या बाकावरच्यांना अर्धी बाराखडी दिसतच नाही. त्यांनी सभा थांबवून आम्हा सगळ्यांकडून फळा दुसऱ्या भिंतीवर टांगून घेतला. त्या वर्षी तिसऱ्या बाकावरची मुलं अचानक हुशार निघाली.

सभेची सुरुवात ते मुलांच्या हंड्यातलं पाणी पिऊन करत. तेही एकदम नाही. घोटभर तोंडात घोळवून, डोळे मिटून. एकदा त्यांनी तोंड वाकडं केलं आणि विषयपत्रिका राहिली बाजूला. अण्णा कोट काढून चिंचेने हंडा घासायला बसले. आमचे एक सदस्य वकील होते, त्यांच्या हातात तांब्या दिला आणि मला म्हणाले, "अक्का, स्वल्प तिकडून पाणी ओता." त्या सभेच्या इतिवृत्तात एकच ओळ आहे: हंडा स्वच्छ झाला.

पण त्यांची खरी ख्याती बारशांची. गावात मराठी घरात पाळणा हलला की बाराव्या दिवशी अण्णा हजर. आमंत्रण असलं तर पाटावर, नसलं तर ओट्यावर. ते पाळण्यात एक चांदीचं नाणं ठेवत, जेवत, आणि उठताना खिशातून एक काळी वही काढून बाळाची जन्मतारीख लिहून घेत. माझ्या धाकट्याच्या बारशाला पुण्याहून आलेल्या आमच्या आत्याबाईंना ते ज्योतिषीच वाटले. त्यांनी मोठ्या भक्तिभावाने बाळाचं भविष्य विचारलं. अण्णांनी बोटांवर हिशेब केला आणि सांगितलं, "त्रेसष्ट साल, जून महिना, इयत्ता पहिली. पुढचं बाई बघतील." आत्याबाई पुण्याला जाऊन म्हणाल्या, तिकडचे ज्योतिषी फार हातचं राखून सांगतात.

यथावकाश माझी थोरली शाळेत गेली आणि मी समितीवर आले. आल्या आल्या मला सुधारणा करायच्या होत्या. सगळ्यात आधी ते वकील डोळ्यांत खुपायला लागले. सभा सुरू झाली की त्यांची मान छातीवर पडायची, ती अंबोड्यांची, म्हणजे इकडच्या डाळवड्यांची, बशी आली की वर यायची. त्यांची धाकटी मुलगी चौथीत होती, म्हणजे जूनपासून ते कुणाचेच पालक नव्हते. तरी ते येत राहणार, हे त्यांच्या खाण्यावरून दिसतच होतं. म्हणून मार्चच्या सभेत मी उभी राहिले आणि पुण्यात शाळा कशा चालतात यावर पंधरा मिनिटं बोलले. मग ठराव मांडला की ज्यांचं मूल सध्या शाळेत शिकत आहे त्यांनीच समितीवर राहावं.

अण्णा बाकावर मांडीवर वही घेऊन लिहीत होते. ते एकदाच मध्ये बोलले. मला वाटलं विरोध करतायत. पण त्यांनी विचारलं ते असं: "'सध्या' लिहू की 'चालू वर्षी', अक्का? चालू वर्षी बरं. मागनं कुणी वाद घालायला नको." मी ऐटीत म्हटलं, चालू वर्षी. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. अण्णांनी शाई टिपली आणि सह्यांसाठी वही फिरवली. खाली पहिली सही त्यांचीच.

एप्रिलात निकाल लागले. वकिलांची मुलगी चौथीत नापास झाली, त्यामुळे ते चालू वर्षी सन्मानाने पालक राहिले. अण्णांचं सातवं, शेवटचं, शेंडेफळ चौथी पास झालं. पहिल्या नंबराने. ते मूल चौथीत आहे हे मला माहीत होतं. रोज माझ्या मुलीबरोबर ते माझ्या दारावरून शाळेत जायचं. पण मी जाळं वकिलांसाठी टाकलं होतं ना, मग त्यात दुसरं कोण अडकतंय ते बघायला मला सवड कुठली.

मेमध्ये अण्णा सभेला आले नाहीत. बाक रिकामा होता. आम्ही पाणी न चाखता सभा सुरू केली आणि अर्ध्या तासात संपवली. मी घरी येऊन यांना म्हटलं, बघा, कशी शिस्त आली. यांनी वर्तमानपत्रातून मानही वर केली नाही, ते त्यांच्या स्वभावाला धरूनच होतं.

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले आणि पहिल्या तीन दिवसांत पहिलीच्या वर्गात सात मुलं आली. सात. शिक्षण खात्याचा नियम असा की वीस मुलं नसली तर वर्ग बंद. आणि पहिली बंद झाली की पुढच्या वर्षी दुसरी कुठून येणार? चार वर्षांत शाळेला कुलूपच. मोठ्या बाई टेबलाशी बसून म्हणाल्या, दर मे महिन्यात अण्णा ती बारशांची काळी वही घेऊन घरोघरी जायचे, यंदा गेले नाहीत. मी विचारलं, का नाही गेले? बाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं. असं बघणं फक्त शाळेतल्या बाईंनाच जमतं.

त्याच संध्याकाळी मी अण्णांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोने मला आत घेतलं आणि कॉफी टाकता टाकता हलक्या आवाजात सांगितलं की शनिवारी सभेचे चार वाजले की हे कोट चढवतात, फाटकापर्यंत जातात, मग परत येऊन कोट खुंटीला लावतात. अण्णा बाहेर आले. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी वही आणून माझ्या हातात दिली. मी म्हटलं, तुम्ही चला. ते म्हणाले, मला काय अधिकार? हे म्हणेपर्यंत त्यांचा एक हात कोटाच्या बाहीत गेलेला होता.

चार दिवस आम्ही हिंडलो. मी पहिल्या दिवशी उंच टाचांच्या चपला घालून निघाले आणि दुपारनंतर त्या पिशवीत घालून चालले. अण्णांची पद्धत अजब. घरात गेले की शाळेचं नावच नाही. आजोबांचा गुडघा, सुनेचं माहेर, विहिरीचं पाणी, कॉफी, पुन्हा गुडघा. मग उठून चपला घालताना जणू कधीचंच ठरलंय अशा आवाजात, कानडीतलं 'बरं' आधी लावून, "सरी, मग सोमवारी दहाला." आणि घरातले म्हणत, होय, सोमवारी दहाला. मी मात्र प्रत्येक घरात मातृभाषेवर बोलायचे. मी बोलायला लागले की यजमानीण उठून आत जायची.

चौथ्या दिवशी आम्ही बसने आनेकलला गेलो. तिथे एका घरात जुळी मुलं होती. त्यांना चामराजपेठेत मावशीकडे ठेवायचं, असं सहा वर्षांपूर्वीच बारशात ठरलं होतं. आता आईचा धीर होत नव्हता. ती दाराशी दोघांना दोन्ही बाजूंना धरून उभी होती. मी नेहमीप्रमाणे मातृभाषा काढली. आईच्या दुधाची उपमाही दिली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचा धाकटा कुठल्या शाळेत जाणार, हो?"

आता सांगते. माझ्या कपाटात कॉन्व्हेंट शाळेचा भरलेला अर्ज होता. त्याच्यावर घडी करून ठेवलेला निळा टाय होता. कारखान्यातल्या सगळ्या साहेबांची मुलं तिथे जात होती, आणि थोरली मुलगी असल्यामुळे मराठी शाळेत चालली, पण मुलगा आहे, त्याचं पुढे कसं होणार, असा माझा थोर विचार होता. यातलं समितीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

अण्णांनीच उत्तर दिलं. तो आमच्याकडेच की, असं म्हणून त्यांनी वही उघडून तिच्यापुढे धरली. प्रत्येक नावापुढे त्यांनी बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेलं होतं: आजीला आधी भेटावे, दोनदा जावे लागेल, बाप नको म्हणेल पण ऐकेल. माझ्या मुलाच्या नावापुढे लिहिलं होतं: जायला नको. आई समितीत आहे.

त्या बाईने ते वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि जुळ्यांचे कपडे कधी आणून ठेवू म्हणून विचारलं. परत येताना बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत होते. अण्णा शेजारी बसून शेंगा खात होते. मलाही मूठभर दिल्या. मी त्या सोलल्याच नाहीत.

सोमवारी प्रवेशाचं टेबल अंगणात मांडलं होतं. नावं लिहायला अण्णाच हवेत असा मोठ्या बाईंचा हट्ट होता. समितीचा सदस्य नाही, नुसता लिहिणारा, असं तीनदा बजावून ते बसले. आणि पुढेही ते तेवढंच राहिले. दर जूनला नावं लिहायला यायचे. समितीत पुन्हा कधी आले नाहीत. मी दोनदा ठराव मागे घ्यायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा त्यांनीच मोडता घातला.

पण त्या सोमवारी मला हे काहीच माहीत नव्हतं. मी धाकट्याचा हात धरून रांगेत उभी होते. टेबलापाशी पोचले. अण्णांनी न विचारता त्याचं नाव, जन्मतारीख लिहिली. तारीख त्यांना पाठ होती. मग मी त्यांना टायची गोष्ट सांगितली, ठरावाबद्दल माफी मागितली, आणि सगळं असं अडखळत, रडत, की माझा मुलगा लाजून माझा पदर ओढायला लागला. अण्णांनी दौतीचं झाकण लावलं, पुन्हा काढलं, आणि म्हणाले:

"ठराव बरोबरच होता, अक्का, राहू द्या. फक्त तो सांगताना तुम्ही सगळ्यांकडं बघितलंत, माझ्याकडं नाही. बघितलं असतंत तर मी हसून लिहिलं असतं. सरी, आता बाजूला व्हा स्वल्प, मागं रांग आहे."