काळोखात बोलायचं नाही

खाडीतला गाळ कोणी आणून टाकत नाही, तरी साचतो. नाटकवाल्यांचे किस्से तसेच. काढायला बसलं की खाली आणखी निघतात, आणि वासही सुटतो. मी ऐरोलीच्या एका हौशी ग्रुपचा लाईटवाला. चौथीत शाळा सुटली, म्हणजे मीच सोडली. लिहिण्यात चुका सापडल्या तर सापडू द्या. मला दुरुस्त करायला येऊ नका. मोठमोठ्या लोकांना जमलं नाही.

नाटक ही साधना आहे वगैरे मी म्हणणार नाही. ते सर म्हणतात. सर म्हणजे आमचे दिग्दर्शक.

*

यंदा नाट्यस्पर्धावाल्यांनी नियम काढला, प्रत्येक ग्रुपमध्ये सुरक्षा समिती पाहिजे. समजवायला एक मॅडम आल्या. सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये आमची तालीम चालते, तिथंच सगळ्यांना गोल बसवलं. न विचारता कोणाच्या अंगाला हात लावायचा नाही. मुलीला एकटीला तालमीला बोलवायचं नाही. तक्रार आली तर दाबायची नाही. बाई सरळ बोलत होती, मला आवडली.

शेवटी सर उठले. गळा दाटून आल्यासारखा आवाज काढला. त्यांना तो जमतो.

"मॅडम, आमच्याकडे याची गरज नाही. आम्ही ग्रुप नाही, फॅमिली आहोत."

मी मागून म्हटलं, "मॅडम, फॅमिलीत काय काय होतं तेपन लिहून घ्या."

सरांनी माझ्याकडे असं बघितलं की दुसरा कोणी जळाला असता. मी उभा जन्म तापलेल्या हॅलोजनला हात लावत आलोय. मला काय होतंय!

*

मग समिती झाली. अध्यक्ष कोण? सर. मॅडमनी फोनवर सांगितलं, दिग्दर्शक चालणार नाही. मग सरांनी बायकोला अध्यक्ष केलं आणि मेव्हण्याला मेंबर.

वहिनी म्हणजे गरीब गाय. तालमीला पोह्यांचा डबा आणायच्या, कोपऱ्यात बसायच्या, डबा घेऊन जायच्या. त्यांचा आवाज कसा आहे हे ग्रुपमध्ये निम्म्या लोकांना माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "सर, घरातलं कुत्रं तेवढं राहिलं. त्यालापन घ्या."

सर म्हणाले, "बाळाकाका, तुम्ही अंगठाछाप माणूस. यात पडू नका."

"अंगठा बरा, सर. कुठं लावला ते दिसतं तरी."

मेव्हणा हसला. मग सरांकडे बघून थांबला.

*

क्लबहाऊसला एक छोटी खोली आहे, कॅरमबोर्ड ठेवायची. सर तिथं एकेका मुलीची वेगळी तालीम घ्यायचे, आतून कडी लावून. म्हणायचे, भूमिका आतून उघडायची तर बाहेरचं दार बंद लागतं.

एका रविवारी मी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि दारच काढलं. गच्चीवर नेऊन टेकवून ठेवलं.

सोसायटीचे सेक्रेटरी तणतणत आले. "दार कुठाय?"

"गच्चीवर. ऊन खातंय."

"अहो, ही सोसायटीची प्रॉपर्टी आहे! कोणी सांगितलं काढायला?"

"तुमची मुलगी येते ना ओ बालनाट्याला, याच खोलीत?"

सेक्रेटरींनी रिकाम्या चौकटीतून आत डोकावलं. मग म्हणाले, निदान पडदा तरी लावा, बरं दिसत नाही. मी लावला. पडद्याला कडी नसते.

*

मानसी आमच्या नाटकातली मुख्य मुलगी. ऐरोलीतच एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते. शिफ्ट संपवून तालमीला येते, पाठांतर चोख. सरांचा उलव्याला एक रिकामा फ्लॅट आहे. सर तिला म्हणाले, तिकडे ये, शांतता आहे, भूमिकेवर बोलू.

आता उलव्याला कसली शांतता? डोक्यावरून विमानं जातात. पण मुलगी हो म्हणाली.

गेली ती आईला, मावशीला आणि आजीला घेऊन. सोबत वालाचं बिरडं आणि भाकऱ्या. सरांनी दार उघडलं तर चौघी उभ्या. आई आत शिरत म्हणाली, "आम्हालापन समजून घ्यायचीय भूमिका."

सरांनी म्हणे संध्याकाळपर्यंत भूमिका समजावली. आजीला दोन वेळा.

दुसऱ्या दिवसापासून मानसीचं चालणं चुकायला लागलं, बोलणं चुकायला लागलं, बघणंसुद्धा चुकायला लागलं.

*

आता नाटकातली एक गोष्ट बाहेरच्यांना सांगतो. ब्लॅकआऊट झाला, म्हणजे मी सगळे लाईट घालवले, की नट काळोखात जागा बदलतात. तेवढ्या वेळात कोणी तोंडातून आवाज काढायचा नाही. खोकायचं नाही. ठेच लागली तरी गिळायची. फार जुना दंडक आहे. एकदा एकाच्या पायावर सेटचा भाग पडला, नखातून रक्त आलं, पण गडी हूं म्हणाला नाही. सरांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली.

तर सर या काळोखात स्वतः स्टेजवर यायचे. मुलींना जागा दाखवायला! आणि मुली गप्प, कारण दंडक.

मानसीने तक्रार केली. काळोखात अंगावर हात येतो, रोज येतो. समिती बसली. वहिनी खाली मान घालून. मेव्हणाच बोलला, "काळोखात कोणाचा हात होता हे कसं ठरवायचं? प्रूफ काय?"

सर म्हणाले, विश्वास नसेल तर भूमिका सोड, करंजाड्याची एक मुलगी तयारच आहे.

ग्रुपमधले शहाणे तिला समजवायला लागले. स्पर्धा होऊ दे. तुझंच नाव खराब होईल. कुठल्याच ग्रुपमध्ये कोणी घेणार नाही. मी म्हटलं, हिला काय शिकवताय, त्याला शिकवा. तर सगळ्यांना एकदम चहाची आठवण झाली.

मानसी माझ्या लाईटच्या बोर्डाजवळ आली. रडत नव्हती.

"काका, पूर्ण काळोखातून पूर्ण उजेड करायला किती वेळ लागतो?"

"बोट उचलायला लागतो तेवढा."

ती गेली. मी बोर्डावरच्या पट्ट्या एकदा वर-खाली करून बघितल्या.

*

रंगीत तालीम. त्या दिवशी आमच्याकडे घरच्यांना बोलवायची पद्धत आहे. कपडे, मेकअप, सगळं स्पर्धेसारखं. क्लबहाऊस भरलेलं. मानसीची आई, मावशी, आजी. सेक्रेटरी, त्यांची मुलगी. पुढच्या रांगेत मेव्हणा आणि वहिनी, मांडीवर डबा.

पहिला अंक छान झाला. दुसऱ्या अंकात ब्लॅकआऊट. मी लाईट घालवले. पावलं वाजली. मग पावलंही थांबली.

आणि त्या काळोखातून मानसीचा आवाज आला. नाटकातला नाही, घरातला. मोठा, स्वच्छ.

"काका, लाईट."

माझ्या काळोखात आजपर्यंत कोणी बोललं नव्हतं. मी होत्या तेवढ्या सगळ्या पट्ट्या वर ढकलल्या.

मानसी आपल्या जागेवर उभी. ताठ, समोर बघत. तिच्या मागे सर. हात तिच्या कमरेवर. काढायलाही सुचलं नव्हतं त्यांना.

सरांनी डोळ्यांवर हात धरून माझ्या दिशेने बघितलं आणि ओरडले, "बाळाकाका, ब्लॅकआऊट द्या! ब्लॅकआऊट!"

पुढच्या रांगेत वहिनी उठल्या. डबा मेव्हण्याच्या हातात दिला. पदर खोचला आणि वळून माझ्याकडे बघितलं.

"काका, उजेड राहू द्या," त्या म्हणाल्या. "समितीची मीटिंग आहे."