शामकलाचा काटा आणि विदेशी हात

सालेकशाच्या तहसील कचेरीबाहेर बसून मी अर्ज लिहितो. तक्रारही मीच लिहितो आणि तिचा जबाबही मीच, त्यामुळे तालुक्यातली भांडणं चांगली टिकतात. शामकला मडावीचं प्रकरण माझ्याच हातून सुरू झालं, याची मात्र मला अजून लाज वाटते.

शामकला जंगलालगतच्या गावची. चैतात मोहफुलं वेचायची, पुढे तेंदूपत्ता तोडायची. कोणाच्या तोंडावर काय बोलू नये, हे तिला कधी कळलं नाही. तीन वर्षांपूर्वी जंगलाचा अभ्यास करायला जर्मनीहून एक बाई आली, महिनाभर तिच्या घरी राहिली आणि जाताना लटकवायचा डिजिटल वजनकाटा देऊन गेली. त्या काट्यामुळे गावाला पहिल्यांदा कळलं, की मोहफुलांचा व्यापारी हेमेंद्र ज्याला दहा किलो म्हणतो ते खरे बारा असतात. बाया खवळल्या. त्यांच्या जोरावर शामकलाने यंदा सरपंचपदासाठी अर्ज भरला.

रिंगणात दुसरा उमेदवार हेमेंद्रच. तो माझ्याकडे धावत आला. एरवी त्याला देश आठवायचा तो पंधरा ऑगस्टला. त्या दिवशी मात्र अधेमधेच आठवला होता. "लिखो भाऊजी, विदेशी ताकत आपल्या ग्रामपंचायतीत घुसून राहिली!"

मी लिहिलं. कायदा खराच आहे. उमेदवाराने परदेशी पैसा किंवा वस्तू घ्यायची नाही, अगदी ग्रामपंचायतीच्याही. मोठ्या पक्षांची अडचण झाली तेव्हा 'विदेशी'ची व्याख्याच मागच्या तारखेपासून बदलून झाली. शामकलासाठी कोण बदलणार?

दुसऱ्या दिवशी ती जबाब लिहून घ्यायला आली. मी समजावलं, "स्वतःच्या वापराची लहानसहान भेट कायद्याला चालते. निवडणुकीच्या साहेबांना एवढंच सांग, काटा माझ्या एकटीचा आहे."

"एकटीचा कसा? सारं गाव मोजते त्याच्यावर."

"अगं, तेवढं नको बोलू!"

"मंग उद्या माह्या दारात कोन येईन? एकटीनं दाबून ठेवला म्हनून थुकतीन लोकं."

छाननीच्या दिवशी साहेबांनी विचारलं, काटा कोणाचा? मी मागून खुणा करून थकलो. "गावाचा," ती ठासून म्हणाली.

साहेबांनी कपाळ चोळलं. उमेदवारी रद्द करण्याचा त्यांना अधिकार नव्हता आणि निर्णय घेण्याची हौस तर मुळीच नव्हती. त्यांनी तोडगा काढला: अर्ज मंजूर, तक्रार वर रवाना, आणि वरून उत्तर येईपर्यंत काटा कचेरीत जमा. उत्तर कधी येईल, असं मी विचारलं, तर ते पंख्याकडे बघत बसले.

हेमेंद्रला तेवढंच पाहिजे होतं. "तू अर्ज वापस घे, मी तक्रार वापस घेतो," तो म्हणाला. उमेदवारच नाही तर तक्रार कसली, हे साहेबांनाही एकदम पटलं.

शामकलाने साहेबांच्या टेबलावरच्या काट्याकडे पाहिलं. आठ दिवस ती दारोदार फिरली होती, तिला सरपंच व्हायचं होतं. डोळे भरून आले होते, ते तिने पदराने पुसले.

"सरपंच पाच सालाचा राह्यते," ती म्हणाली. "मोहफुलं त दरसाल पडतेत."

माघारीचा अर्जही मीच लिहिला. तिने सही केली, काटा तिच्या हाती परत आला आणि त्या क्षणी तो पुन्हा देशी झाला.

हेमेंद्र बिनविरोध निवडून आला. यंदा चैतात बाया टोपल्या घेऊन शामकलाच्या अंगणात बसल्या आणि तिथे वजन झाल्याशिवाय एक फूल द्यायला तयार होईनात. शेवटी सरपंच स्वतः आले आणि काट्यावरचा आकडा मुकाट मान्य करून गेले. मला फार बरं वाटलं. विदेशी प्रभावाखाली वागणारा आमच्या तालुक्यातला पहिला लोकप्रतिनिधी तोच. त्याच्याविरुद्ध तक्रार लिहून घ्यायला अजून कोणी आलेलं नाही.