माटवीचे हुक

शेजारच्या फ्लॅटमधून आज ताज्या रंगाचा वास आला आणि भांडुपचं आमचं घर आठवलं.

एजंट म्हणाला होता, "सगळं पांढरं करा. छतातले हुक काढा, गिऱ्हाइकाला घर मोकळं दिसू दे." गणपतीवर फळा-पानांची माटवी टांगायला बाबांनी ठोकलेले हुक होते ते.

रंगारी आला तशी आई हरखली. "गणपतीक रंग काढतंस मा रे? गुलाबी काढ हां!"

घर विकतोय हे मी तिला सांगितलंच नव्हतं. "हो गं," म्हणालो.

संध्याकाळी तिने पांढऱ्या छताकडे पाहिलं. हुकांच्या जागी पुट्टी भरलेली. मग माटवीची लाकडी चौकट पुसून तिने शेजारणीला दिली. "ठेव तुका. आमका आता नाय लागाची."

माझ्याकडे वळून एवढंच म्हणाली, "रंग बरो काढलंस."