क्रेनचा तिसरा पाय आणि माझं मूलाधार

सकाळी सव्वासहाला मी दुबईत, जबल अलीतल्या साइटच्या पार्किंगमध्ये गाडीतच बसलो होतो. पावलं खाली टेकलेली, हात मांडीवर, डोळे मिटलेले आणि मनातल्या मनात ‘लं, लं’ चाललेलं. साडेसातला बेचाळीस टनांचं एक यंत्र क्रेननं उचलायचं होतं आणि परमिटवर शेवटची सही माझी होती.

मी लिफ्टिंग इंजिनियर आहे. अवजड वस्तू उचलायची तर क्रेन कुठली घ्यायची, ती कुठे उभी करायची, पट्टे कसे बांधायचे, हे मी ठरवतो आणि उचलताना समोर उभा राहतो. आधी चिंचवडला आणि मग इथे, अठ्ठावीस वर्षं हेच केलं. गेल्या वर्षी एका कामावर पट्टा निसटला आणि लोखंडी तुळई दोन माणसांपासून हातभर अंतरावर पडली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण तेव्हापासून परमिट समोर आलं की माझा हात थरथरायचा. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, सगळं नॉर्मल. मुलगी म्हणाली, “बाबा, इट्स जस्ट अँक्झायटी.” त्या ‘जस्ट’चा मला फार राग आला होता.

आम्ही अबू धाबीच्या खलिफा सिटीत राहतो. माझी बायको सुनंदा तिथे अश्विनीताईंच्या योगवर्गाला जाते. तिनं मला जवळजवळ ओढतच नेलं. ताईंनी मूलाधार चक्राचं ध्यान शिकवलं. हे चक्र पाठीच्या कण्याच्या बुडाशी मानतात, सगळ्या शरीराचा पाया म्हणून. लक्ष तिथे न्यायचं, तिथून मुळं खाली जमिनीत उतरताहेत अशी कल्पना करायची, ‘लं’ हा त्याचा बीजमंत्र मनात म्हणत श्वास संथ सोडायचा. क्रेनच्या पायाखालची जमीन तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे ऐकून हसूच आलं. पण महिनाभरात हाताचा कंप थांबला आणि माझं हसू आपोआप बंद झालं. पुढचे आठ महिने मी एक दिवस चुकवला नाही.

त्यात मला एक सवय लागली. भीती वाटली की बसायचं, भीती गेली की सही करायची. या सवयीत काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही.

त्या दिवशीची भीती आदल्या संध्याकाळची होती. क्रेनला चारही बाजूंना लोखंडी पाय असतात आणि उचललेलं सगळं वजन त्यांच्यावर येतं. पायाखाली जाड लाकडी मॅट टाकतात. तिसऱ्या पायाच्या मॅटच्या कडेला वाळू जरा काळसर दिसली होती. फोरमन म्हणाला की टँकरनं पाणी मारलंय, धूळ बसायला. जमिनीचा रिपोर्ट माझ्या फाइलमध्ये होता, चांगला होता, पण तीन आठवड्यांपूर्वीचा. मी मान डोलावली आणि घरी गेलो. पहाटे जाग आली तीच त्या काळ्या वाळूसकट.

गाडीत एका बैठकीनं भागलं नाही म्हणून दुसरी केली. मग मात्र एकदम शांत वाटलं. मी हलक्या पावलांनी साइट ऑफिसात शिरलो. आमचा प्रोजेक्ट मॅनेजर फादी लेबनीज आहे, माणूस वाईट नाही, पण घाईचा. अकरानंतर वारा वाढणार होता आणि क्लायंट नऊला येणार होता. माझ्या काँट्रॅक्टच्या रिन्यूअलचा कागदही त्याच्याच टेबलावर पडून होता. काँट्रॅक्ट गेलं तर व्हिसा गेला, आणि मुलगी बारावीत. फादीनं परमिट पुढे सरकवलं आणि “यल्ला, हबीबी” म्हणाला, म्हणजे चल, आटप मित्रा. मी सही केली. हात अजिबात थरथरला नाही.

क्रेनपाशी आलो तर ऑपरेटर खानसाहेब अजून खालीच उभे. साठीचे पठाण, माझ्याबरोबर सहा वर्षं काम केलेले. मी त्यांना वर चढायला सांगितलं. ते जागचे हलले नाहीत.

“साब, आज आप ने मॅट नहीं देखा,” ते म्हणाले.

कल देखा है, असं मी जरा तोऱ्यातच म्हणालो.

“पहले आप सुबह तीन चक्कर लगाता था. हम लोग हँसता था, साब बहुत डरता है. लेकिन आप के डर के भरोसे मैं ऊपर बैठता था. अब आप को डर नहीं लगता. तो अब मेरे को लगता है.”

मला राग आला. माझ्या आठ महिन्यांच्या साधनेवर कोणीतरी बोट ठेवलं होतं. त्यांना दाखवून द्यायचं म्हणून मी तरातरा तिसऱ्या पायाकडे गेलो, गुडघ्यावर बसलो आणि मॅटच्या कडेखाली हात घातला.

जुलैत इथली वाळू सकाळीही तापलेली असते. ही थंडगार होती. बोटं दाबली तर मनगटापर्यंत आत गेली. टँकरचं पाणी इतकं खोल मुरत नाही, आणि या उकाड्यात रात्रभर टिकत तर नाहीच.

मी परमिटवर आडवी रेघ मारली. फादी धावत आला.

“यू साइन्ड,” तो म्हणाला.

“येस. आय वॉज राँग.”

“आर यू शुअर नाऊ?”

शुअर मी नव्हतोच. पण हो म्हणालो. क्रेनचे पाय उचलून ती मागे घेतली आणि खणायला सुरुवात झाली. ते दोन तास मी विसरणार नाही. क्लायंटची माणसं घड्याळ बघत होती, फादी माझ्याकडे पाठ करून उभा होता. खाली कोरडं निघालं तर माझं इथलं दाणापाणी संपलंच होतं. हात पुन्हा थरथरत होता. या वेळी मी त्याला थांबवलं नाही.

दीड मीटरवर आग विझवण्याच्या पाण्याची लाइन लागली. तिला चीर गेली होती आणि खालची वाळू वाहून जाऊन माणूस उकिडवा बसेल एवढी पोकळी झाली होती. यंत्र उचलून क्रेन फिरली की सगळं वजन त्याच पायावर येणार होतं. क्रेन त्या बाजूला आडवी झाली असती, केबिनमधल्या खानसाहेबांसकट. मी कंटेनरमागे जाऊन ओकलो.

आठ दिवसांनी जागा बदलून ते यंत्र बसवलं. फादी आठवडाभर माझ्याशी बोलला नाही, मग त्यानं काँट्रॅक्ट रिन्यू केलं, दोनऐवजी एका वर्षासाठी. अश्विनीताईंना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, की शांत होण्याआधी ही भीती कशाची आहे, हे पाहिलं होतंत का? मी पाहिलं नव्हतं.

ध्यान मी सोडलेलं नाही. फक्त क्रम बदलला. आधी चारही मॅटखाली हात घालायचा, शंका असेल तर खणायचं, मग गाडीत जाऊन बसायचं. माती लागलेल्या हातांनी मूलाधार काही रुसत नाही.

खानसाहेब आता केबिनमध्ये चढण्याआधी मला दर वेळी विचारतात, “साब, डर लगा?”

“लगा.”

“किधर?”

मी जागा दाखवतो. ते स्वतः वाकून तिथे हात लावून बघतात, आणि मगच शिडी चढतात.