शेवटच्या रांगेला दिसेल असं

पडदा वर जातो तेव्हा समोर एक अरुंद खोली दिसते. भिंतभर आरसा, आरशाच्या कडेनं दिव्यांची माळ आणि तिच्यातला एखादा दिवा कायम गेलेला. आरशासमोर पाठ कलणारी खुर्ची. फळीवर स्पंज, ब्रश, पावडरचे चकचकीत डबे, आणि या सगळ्या नव्या नवलाईत एक जुनी पत्र्याची पेटी. खुर्चीमागे उभे आहेत मामा. अंगानं काटकुळे, रंगानं काळेभोर, केस पांढरे आणि असे कुरळे की आत शिरलेल्या कंगव्यानं वाट विचारतच बाहेर यावं.

"डोळे मिटा," मामा म्हणतात. "आता उघडा. वर बघा. हलू नका, बाई, कपाळ चमकतंय."

बाई म्हणजे संध्याकाळच्या बातम्या देणाऱ्या बाई. त्यांचा चेहरा शहरातल्या पोराटोरांना ठाऊक, पण तो धुतल्यावर कसा दिसतो हे घरच्यांखेरीज फक्त मामांना माहीत. खुर्चीत बसलं की सासूच्या गुडघेदुखीपासून मुलीच्या परीक्षेपर्यंत सगळं बाई मामांच्या कानावर घालत. मामा हूं हूं करत ऐकत आणि हात चालू ठेवत. जाहिराती लागल्या की ते पफ घेऊन दिव्यांच्या झोतात धावत, बाई सवयीनं चेहरा पुढे करून डोळे मिटत, मामा दोन हात फिरवत आणि मागे सरत. इतकी वर्षं त्या बातम्यांपासून दोन हात अंतरावर उभे राहूनही मामा कुणाला कधी पडद्यावर दिसले नव्हते.

हे काम उतारवयातलं. उमेदीची वर्षं सगळी गेली होती नाटक कंपनीत. काय दिवस होते ते. मामांच्या हाताखाली भिकारी बसला की राजा होऊन उठे, आणि साठीचा नायक पंचविशीत जाऊन येई. मामांचे आजोबा पोटासाठी समुद्रापलीकडून आले ते इथलेच झाले. पण नातवंडांची पोरं मोठी झाली तरी शेजारपाजारच्या बोलण्यात ती माणसं 'पलीकडची'च राहिली. कंपनीत खलनायकाला काळा रंग लावायचा असला की तो नट खुर्चीत बसून म्हणे, "जरा बेतानं हं. अगदी तुमच्यासारखा नको, घाबरतील लोक." सगळे हसत. मामाही हसत आणि रंग लावत. आपल्यातल्या एखाद्या पोराला त्या भूमिकेत उभं करा, रंगाचा खर्च वाचेल, असं त्यांनी एकदा मालकांना सुचवून पाहिलं होतं. मालकांना तो विनोद फार आवडला.

'मामा' हे नावही तिथलंच. धाकटी बहीण शिवणाच्या कारखान्यात जाई, तेव्हा तिचा मुलगा मामांबरोबर कंपनीत येई. सतत मागे मागे, म्हणून त्याला सगळे शेपूट म्हणत, आणि शेपटाचे मामा ते सगळ्या कंपनीचे मामा झाले. शेपूट शहाण्यासारखं बसलं की बक्षीस ठरलेलं असे. "मामा, जखम काढ ना." मामा त्याच्या गुडघ्यावर अशी जखम काढत की बघणाऱ्यानं पट्टी शोधायला धावावं. मग शेपूट लंगडत घरी जाई, आई किंचाळे, आणि तिघंही हसता हसता खाली बसत.

"इतकं भडक कशाला रे दादा?" बहीण विचारी.

"दिवे रंग खातात, अगं. आपण समोर उभं राहून बघतो ते खरं नव्हे. शेवटच्या रांगेला दिसलं पाहिजे."

हा त्यांचा धडा. आयुष्यभर तोच गिरवला.

आता शेपूट बाप्या झाला होता, लिफ्ट दुरुस्त करायच्या कंपनीत मेकॅनिक होता, पण मामांसाठी आणि आईसाठी शेपूटच. त्या दिवशी बाई बातम्या वाचत होत्या आणि मामा कॅमेऱ्यामागे पफ घेऊन उभे होते. बाई म्हणाल्या, "इमारतीत शिरलेल्या संशयिताला रहिवाशांनी पाठलाग करून पकडलं." बाजूच्या पडद्यावर चित्र आलं. जिन्यात माणसांचा घोळका, खाली वाकून कुणाला तरी मारतोय, आणि पायांच्या फटीतून एक चेहरा क्षणभर वर होतो. मामांनी हजारो चेहरे हाताळले होते. हा तर त्यांनी अंगठ्याएवढा असल्यापासून धुतला-पुसला होता.

झालं होतं ते इतकंच. त्या इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. पहारेकऱ्यानं कंपनीला फोन केला आणि त्याची पाळी संपली म्हणून तो घरी गेला. शेपटानं नेहमीप्रमाणे वरच्या मजल्याचं दार चावीनं उघडलं, लिफ्टच्या टपावर उतरून काम केलं, आणि ग्रीसनं बरबटलेल्या हातात पाना घेऊन तो भोकातून वर चढत होता. नेमक्या त्याच वेळी समोरच्या घरातल्या काकू कचरा ठेवायला बाहेर आल्या. एक काळा माणूस, हातात लोखंड, जमिनीतून उगवतोय. त्या ओरडल्या. मग कुणी काही विचारलं नाही. तो सांगत राहिला की मी लिफ्टवाला, मला तुम्हीच बोलावलंय. त्याच्या छातीवर कंपनीचं चिन्ह होतं. पण ग्रीस होतं त्यावर.

पोलिसांनी त्याला सोडलं, पण मारणाऱ्यांविरुद्धची तक्रार काही घेतली नाही. "अहो, टीव्हीवर वेगळंच दाखवतायत. बघू पुढे." कंपनीचा साहेब म्हणाला, "तू तसा नाहीस हे मला माहीत आहे रे. पण लोक आता तुला घरात घेतील का? नाव साफ होऊ दे, मग ये." डॉक्टरांनी पाठ दाबून पाहिली आणि सांगितलं, मुका मार आहे, हाड वाचलंय, पण आत चांगलंच सुजलंय.

दुसऱ्या दिवशी खुर्चीत बाई बसल्या आणि मामांचा हात थांबला.

"बाई, कालचा तो संशयित. माझा भाचा आहे तो."

बाईंनी आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. "शेपूट? लिफ्टवाला? मामा, काल का नाही बोललात?"

"काल तुम्ही वाचत होतात."

बाई खरंच हळहळल्या. मनानं वाईट नव्हत्याच त्या. म्हणाल्या, "मी लावते माणूस आजच. पण मामा, दिसायला हवं हं. नुसतं मारलं म्हणून सांगितलं तर कुणी बघत नाही. मार दिसला पाहिजे."

वार्ताहर आणि कॅमेरावाला बहिणीच्या खोलीवर आले. खोली ती केवढी. पलंग, शिवणयंत्र आणि खिडकीतलं एक रोप. शेपूट पलंगावर पालथा पडला होता. बहिणीनं त्याचा सदरा वर केला. कॅमेरावाल्यानं दिवा इकडून धरला, तिकडून धरला, मान तिरकी केली.

"काहीच येत नाहीये," तो वार्ताहराला म्हणाला. "यांच्या अंगावर वळ दिसणार कसे? सगळं एकसारखंच."

"सुजलंय बघा ना, हात लावून बघा," बहीण म्हणाली.

"ताई, हात लावून बघायची सोय टीव्हीत नाही अजून."

वार्ताहर घड्याळ बघत होता. "असं करू, राहू दे. जागा दुसऱ्या बातमीला देतात. पुन्हा कधीतरी बघू."

पुन्हा कधीतरी म्हणजे कधी नाही, हे मामांना चांगलं कळत होतं. ते म्हणाले, "तुम्ही खाली चहा घेऊन या. तोवर मी त्याला जरा नीट बसवतो."

दोघं खाली गेले आणि मामांनी पेटी उघडली.

बहिणीनं ती उघडताना पाहिली. "नको, दादा."

"खोटं काही काढत नाही मी."

"नको म्हणते ना. रंग तो रंगच."

"अगं, आहे तेच दाखवतोय. तो दिवा सगळं खाऊन टाकतो. तू समोर आहेस, तुला दिसतंय. लांबच्याला कसं दिसणार?"

शेपूट उशीत तोंड खुपसूनच म्हणाला, "काढ, मामा. पण या वेळी आई किंचाळायला नको."

मामांनी तीन बोटं त्याच्या पाठीवर ठेवली आणि आंधळ्यासारखी पुढे सरकवली. जिथं कातडं गरम लागलं आणि पोरगं विव्हळलं, तिथं रंग. तांबडा, त्यात किंचित निळा, कडेला पिवळट. जिथं विव्हळला नाही, तिथं ठिपकाही नाही. आयुष्यात शेकडो जखमा काढल्या, पण नकलेनं असं अस्सलाबरहुकूम चालण्याची ही पहिलीच वेळ. काम संपलं तेव्हा पोराची पाठ जशी होती तशीच झाली होती, फक्त आता ती बघता येत होती. बहीण भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

कॅमेरावाला वर आला आणि म्हणाला, "बाप रे. या कोनातून तर मस्त येतंय."

त्या संध्याकाळी शहरानं पाठ पाहिली. बाईंचा आवाज भरून आला. सकाळी साहेबांचा फोन, सोमवारपासून कामावर ये. पोलीस ठाण्यातून निरोप, तक्रार द्यायला या. गल्लीतला वाणी, ज्यानं दोन दिवस मान वळवून घेतली होती, त्यानं आपणहून विचारलं, "कसा आहे आता?" शेपूट अंगणात खुर्ची टाकून बसला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दुखत्या मानेनं नमस्कार करत राहिला. मामांनी त्या दिवशी शीळ घालत खुर्चीतल्या माणसांच्या भुवया रेखल्या.

पण मुलाखतीच्या शेवटी शेपटाला घाम आला होता. कॅमेऱ्याच्या दिव्याची धग, दुखणं, लाज. त्यानं खांद्यावरचा टॉवेल ओढून मान-पाठ पुसली होती, आणि टॉवेलवर तांबडा-निळा पट्टा उमटला होता. बातमीत ते क्षणभरच होतं. त्या लिफ्टच्या इमारतीतल्या कुणीतरी ते चित्र थांबवलं, मोठं केलं आणि गावभर धाडलं.

मग दिवसभर तेच. टॉवेल, टॉवेलभोवती लाल गोल, आणि खाली मोठ्या अक्षरात, जखम की रंगरंगोटी. डॉक्टरांना कुणी फोन केला नाही. जिन्यातल्या घोळक्याचं चित्र दाखवलं नाही. वेळ टॉवेललाच पुरत नव्हता. साहेबांचा फोन आला, सोमवारी येऊ नकोस. पोलीस म्हणाले, तक्रार घेऊ, पण आता तुमच्यावर.

संध्याकाळी त्या इमारतीचे सेक्रेटरी बातम्यांत पाहुणे म्हणून आले आणि मामांच्याच खुर्चीत बसले. जिन्यातल्या घोळक्यात सगळ्यांत पुढे असलेला हात यांचाच. मामांनी त्यांच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं झाकली.

"जागरणं झाली हो," सेक्रेटरी म्हणाले. "या प्रकारानं झोप उडाली आमची. छान हात आहे तुमचा. थकलेला वाटायला नको मी."

"नाही वाटणार," मामा म्हणाले.

ते गेल्यावर बाई आत आल्या आणि दार लावून घेतलं. "मामा, तुम्ही मला तोंडघशी पाडलंत."

"मार खरा आहे, बाई."

"मग रंग कशाला?"

"तुमच्या कॅमेऱ्याला दिसत नव्हता म्हणून."

बाईंनी किंचित मान हलवली. त्यांना पटलं होतं असं मामांना वाटलं, आणि माणूस बुडताना काडीचा घेतो तसा त्यांनी त्याचा आधार घेतला. "मला बोलू द्या तिथं. डॉक्टर काय म्हणाले ते सांगतो. बोटांनी चाचपत कसा रंग लावला ते सांगतो. ऐकतील लोक."

"बसा तुम्ही," बाई म्हणाल्या. "देते वेळ."

असे मामा पहिल्यांदा दिव्यांच्या आत गेले. त्यांना रंगवायला तिथं कुणी नव्हतं. नव्या मदतनिसानं घाईत बाईंचीच पावडर त्यांच्या तोंडावर फिरवली, आणि पडद्यावर चेहरा राख फासल्यासारखा दिसला. पाठांतर म्हणावं तशी वाक्यं त्यांनी मनात लावली होती. आधी लिफ्ट, मग पहारेकरी, मग डॉक्टर, मग बोटं.

बाईंनी विचारलं, "पाठीवरचा रंग तुम्ही लावलात?"

"मी सांगतो, त्या पोराची पाठ—"

"आधी एवढंच सांगा. लावलात की नाही?"

"लावला, पण खाली जो—"

"हो की नाही, मामा?"

त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई हातातल्या कागदांकडे बघत होत्या.

"हो," मामा म्हणाले.

"धन्यवाद. एका छोट्या विश्रांतीनंतर पुन्हा भेटू."

मामा पुढे बोलतच होते. डॉक्टर, मुका मार, बोटं. नाटकात कमावलेला आवाज त्यांनी शेवटच्या रांगेपर्यंत फेकला, पण तिथं रांगच नव्हती. ध्वनिवाला पोऱ्या त्यांच्या सदऱ्यावरचा माइक हळूच काढत होता. "झालं, मामा. जाहिराती लागल्यात," तो म्हणाला. सेक्रेटरी पाणी पीत होते. तिकडे बहिणीच्या खोलीत शेपटानं टीव्ही बंद केला होता की चालू ठेवला होता, कोण जाणे.

बाईंच्या कपाळावर घाम डवरला होता. मदतनीस कुठं दिसेना. बाईंनी डोळे मिटले आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं चेहरा पुढे केला. मामा उठले. पफ त्यांच्या खिशातच होता.

टीव्हीच्या त्या इमारतीत मामा पुन्हा कधी आले नाहीत, आणि शेपटाबद्दल तिथं पुन्हा कुणी काही बोललं नाही. त्या दिव्यांखालचं त्यांचं शेवटचं बोलणं बाईंच्या कानाशी झालं, नेहमीच्याच हलक्या आवाजात.

"हलू नका, बाई, कपाळ चमकतंय."